उरलेला बूट उजवा

कारखान्यात तिला सगळे वरची मावशी म्हणत. मोठे पंप बनवणारा तो कारखाना, आणि त्याच्या लांबच लांब शेडमध्ये छपराखाली रुळांवर एक क्रेन पुढेमागे फिरायची. क्रेनला खाली पिंजऱ्यासारखी एक केबिन लटकलेली होती. बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून मावशी सकाळी सहाला त्या केबिनमध्ये जाऊन बसायची, ती दुपारी दोनच्या भोंग्यालाच खाली उतरायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. त्याआधी ती याच शेडमध्ये झाडू मारायची. झाडता झाडता वर बघायची. एक दिवस वरच्या माणसाने हसून विचारलं, "काय बघतेस? येतेस का चालवायला?" त्याने थट्टा केली होती. ती खरंच चढली.

वजन उचलावं तर मावशीनेच, असं खालची माणसं म्हणायची. चार टनांचा ओतीव भाग ती असा टेकवायची की खालच्या धुळीला कळायचं नाही. त्यामुळे नव्या साहेबाने तिच्या नावापुढे एकच शब्द लिहिला तेव्हा अख्ख्या शेडने कपाळाला हात लावला.

शब्द होता 'स्लो'.

नवा साहेब दुसऱ्या मुलखातून आला होता, म्हणून त्याला पाहुणा असं नाव पडलं. पाहुण्याने दोन गोष्टी बदलल्या. शेडच्या मधोमध दोन उंच भट्ट्या उभ्या केल्या. त्या आडव्या आल्यावर वरून खालच्या माणसाचे हात दिसेनात, आणि हाताच्या खुणा बंद पडल्या. मग त्याने वॉकीटॉकी दिले आणि फर्मान काढलं, की यापुढे सगळे हुकूम इंग्रजीत. कारण सोपं होतं. नवे जोडारी चार मुलखांतून आले होते, कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. हुकुमांचा एक कागद छापून त्याने केबिनमध्ये चिकटवला. त्यावर तीस हुकूम होते. अप, लोअर, स्टॉप, होल्ड, गो लेफ्ट, गो राइट, असे.

कागदाखाली आपल्या भाषेत आणखी दोन ओळी होत्या. सहा आठवड्यांनी ऐकण्याची परीक्षा. जो नापास होईल त्याने क्रेन सोडायची आणि हत्यारांच्या कोठीत बसायचं.

मावशी उशिरा वाचायला शिकली होती. चाळिशीत, शाळेतल्या पोरींच्या बाकावर गुडघे दुमडून बसून, आधी आपली अक्षरं, मग इंग्रजी. त्यामुळे कागद वाचायला तिला दुसऱ्यांच्या तिप्पट वेळ लागायचा. त्या दोन ओळी तिने तीनदा वाचल्या. कोठीत पगार तोच होता, बसायला खुर्ची होती, पंखासुद्धा होता. पण तिथून छत दिसत नव्हतं.

"मी नाही उतरणार," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला केबिनमध्ये कुणी नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, आणि तोंडात दोन सुया धरूनही त्याची बडबड थांबायची नाही.

"बावीस वर्षं वर बसलीस, आता जरा खाली बस की," तो म्हणाला. "कोठीत पंखा आहे म्हणतेस."

"अहो, तुम्हाला उद्या कुणी म्हणालं, मशिनला हात लावू नका, नुसत्या सुया मोजा, तर?"

नवऱ्याने तोंडातल्या सुया काढल्या. "कधी आहे म्हणालीस परीक्षा?"

"सहा आठवड्यांनी."

"मग जेवून घे. रिकाम्या पोटी इंग्रजी चढत नाही."

*

कंपनीने शिकवायला एक बाई आणली. आठवड्यातून दोनदा, तीन वाजता, कँटीनच्या वरच्या खोलीत वर्ग भरायचा. क्रेनवाले, ट्रॉलीवाले मिळून अकरा जण. बाई काटकुळी होती, पण आवाज असा की खोलीच्या चारही कोपऱ्यांत एकाच वेळी उभी असल्यासारखा. पूर्वी ती सिनेमांना आवाज द्यायची.

"पडद्यावर तोंड दुसऱ्याचं हलतं, आवाज माझा," ती म्हणाली. "म्हातारीचा दिलाय, बाळाचा दिलाय. एकदा घोड्याचा दिलाय."

"घोड्याचा कसा काय मॅडम?" लंबूने विचारलं. लंबू पलीकडच्या शेडमधला क्रेनवाला. तो बसलेला असला तरी उभा वाटायचा.

बाईने घोड्याचा आवाज काढला. खालून कँटीनवाला धावत वर आला.

बाईची शिकवायची रीत निराळी होती. ती भिंतीवर इंग्रजी सिनेमा लावायची आणि लावल्या लावल्या प्रोजेक्टरच्या तोंडावर पुठ्ठा धरायची. चित्र गायब. अंधाऱ्या भिंतीसमोर अकरा माणसं नुसती ऐकत बसायची.

"आपलं काम डोळ्यांचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या भट्ट्यांनी डोळ्यांवर पुठ्ठा धरलाच आहे. आता सांगा, काय झालं?"

पहिल्या दिवशी कुणाला काही सांगता येईना. मावशीने हात वर केला.

"एक माणूस आत आला. दार ढकलून दिलं, पण लागलं नाही. एका पायाने लंगडतो. बाई आधीपासून खोलीत होती, कप ढवळत होती. तो बोलायला लागल्यावर तिने ढवळणं थांबवलं. म्हणजे बातमी वाईट आहे."

बाईने पुठ्ठा काढला, सिनेमा मागे नेला. माणूस लंगडत होता. दार किलकिलं होतं. सिनेमातल्या बाईच्या हातात कप होता.

"मावशी," बाई म्हणाली, "तुम्ही शब्द सोडून सगळं ऐकलंत."

"बावीस वर्षं साखळीचा आवाज ऐकते. कडी घासली की मला आधी कळतं."

"मग आता शब्द तेवढे राहिले."

"तेवढेच तर राहिलेत," मावशी म्हणाली, आणि सगळे हसले.

दर वर्गाच्या शेवटी बाई इंग्रजीत एक विनोद सांगायची. तिचं म्हणणं होतं, भाषा पोचली की नाही हे हसण्यावरून कळतं. हुकूम माणूस अंदाजाने पाळू शकतो, विनोद अंदाजाने कळत नाही. दुसऱ्या आठवड्यातला विनोद असा होता. एक गिऱ्हाईक चांभाराच्या दुकानात जातं. दुकानात एकच बूट दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, "विच शू इज लेफ्ट?" चांभार म्हणतो, "द राइट वन."

लंबू खो खो हसला. मग बाकीचे हसले. मावशीही हसली.

बाई सरळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "मावशी, तुम्ही कशाला हसलात?"

मावशीचे कान तापले. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिने ते मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"सगळे हसले म्हणून."

"हं. आणि तुमच्या कानात कुणी न कळणारा हुकूम दिला, आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या, तर?"

खालच्या माणसांवर चार टन लटकलेले असताना अंदाजाने दांडा ओढायचा म्हणजे काय, हे तिला बाईपेक्षा जास्त माहीत होतं. बाई रागावली नव्हती, पण तोंडात मारल्यासारखं झालं खरं. त्या दिवशी जिना उतरताना तिने ठरवलं. कळल्याशिवाय हसायचं नाही. वर्गात, सिनेमाला, कुठेही. दगड म्हणाले लोक तरी चालेल.

आणि लोक म्हणालेच. पुढच्या तीन वर्गांत दहा जण हसायचे आणि मावशी मख्ख. लंबू म्हणायचा, "मावशीला कुणीतरी गुदगुल्या करा रे." ती वहीत विनोद उतरवून घ्यायची. वाकड्या अक्षरांत, आपल्याच लिपीत. घरी टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लावायची आणि टीव्हीवर चादर टाकायची.

"टीव्हीला थंडी वाजते का गं?" नवरा म्हणाला.

"गप्प बसा आणि ऐका. आत्ता तो काय म्हणाला?"

"म्हणाला, चादर काढा, जीव गुदमरतोय."

"अहो!"

"बरं बरं. 'व्हेअर' म्हणाला. का 'वेअर' म्हणाला? कुठे तरी घालायला सांगतोय बहुतेक."

नवऱ्याला तिच्यापेक्षा कमी कळायचं, पण तो ऐकायला बसायचा. एका वाक्यासाठी दोघं सिनेमा सात सात वेळा मागे न्यायची. शेजारीण एकदा वाटी मागायला आली, चादरीपुढे मन लावून बसलेली ती दोघं बघितली, आणि वाटी न मागताच गेली.

*

बुटाचा विनोद मावशीला एका मंगळवारी कळला. सकाळची सुट्टी होती, क्रेनच्या आकड्याला काही लटकत नव्हतं, ती केबिनमध्ये एकटी चहा पीत होती. आदल्या संध्याकाळी चादरीआडच्या सिनेमात एक बाई रडत म्हणाली होती, "नथिंग इज लेफ्ट." नवरा म्हणाला होता, "डावीकडे काही नाही, त्यात रडायचं काय?" आणि आता, कप ओठाला लावता लावता, मावशीला एकदम दिसलं. काही उरलं नाही! लेफ्ट म्हणजे डावा, आणि लेफ्ट म्हणजे उरलेला. कुठला बूट उरलाय? उजवा!

ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून. दोन आठवडे कोंडलेलं हसू होतं ते, आवरेना. चहा सांडला. तोल सावरायला तिने हात टेकला, तो नेमका वॉकीटॉकीच्या बटणावर. खाली अकरा वॉकीटॉकींमधून एकाच वेळी मावशी खिदळायला लागली. जोडारी वर बघायला लागले. कुणाला वाटलं, हिला चढली.

"क्रेन वन," पाहुण्याचा आवाज आला. "व्हॉट इज फनी?"

मावशीने डोळे पुसले. "सर," ती म्हणाली, "वन शू इज लेफ्ट. इट इज द राइट शू."

वॉकीटॉकीवर बराच वेळ खरखर झाली. मग पलीकडून एक छोटासा आवाज आला. तिच्या कानाला खात्री होती की तो आवाज नाकातून निघालेल्या हसण्याचाच होता. पाहुणा मात्र नंतर कधी कबूल झाला नाही.

पण हसला म्हणून त्याने 'स्लो' खोडलं नाही. उलट चौथ्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. आता मावशीची झोप उडाली. हुकूम तिला कळत होते. अप म्हटलं की वर, लोअर म्हटलं की खाली. मग ही मंद कशी?

उत्तर मिळालं ते बाईच्या टेपमधून. बाईने कंपनीकडून शेडच्या वॉकीटॉकीचं तासाभराचं रेकॉर्डिंग मागून घेतलं होतं. "सिनेमे पुरे झाले. आज तुमचाच सिनेमा ऐकायचा," ती म्हणाली. पाहुण्याचा आवाज लागला. मधेच तिने टेप थांबवली.

"इथे तो काय म्हणाला?"

"हळू, हळू," लंबू म्हणाला.

"हळू हळूच म्हणाला," ट्रॉलीवाला म्हणाला. "एवढं आपल्यात शिकलाय बिचारा."

"मावशी?"

मावशीने डोळे मिटले होते. "पुन्हा लावा."

बाईने लावलं. मावशीने शब्द बाजूला ठेवला आणि बाकीचं ऐकलं, जसं पहिल्या दिवशी ऐकलं होतं. हळू म्हणणारा माणूस आवाज खाली उतरवतो, लांबवतो. दोराला धरून पाळणा थांबवावा तसा. पाहुण्याचा आवाज मात्र शेवटी वर चढत होता. प्रश्न विचारल्यासारखा. दार ठोठावल्यासारखा.

"हा हळू म्हणत नाही," ती सावकाश म्हणाली. "हा हाक मारतोय. हा 'हॅलो' म्हणतोय."

घरच्या फोनवरचं हॅलो सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाहुण्याच्या जिभेवर त्याचा पहिला तुकडा अर्धा गिळला जायचा, खरखर उरलेला अर्धा खायची, आणि कानात पडायचं ते हळूच. गेली बावीस वर्षं खालचा माणूस खुणेबरोबर हळू म्हणून ओरडला की मावशीचा हात आपोआप सैल व्हायचा. डोक्याला विचारायची गरजच नसायची.

बाईने तोंडावर हात धरला. "म्हणजे तो हॅलो म्हणायचा, आणि तुम्ही..."

"हळू करायचो."

"आणि उत्तर द्यायचा नाहीत."

"हळूला काय उत्तर द्यायचं?"

"म्हणून तो पुन्हा हॅलो म्हणायचा."

"आणि आम्ही आणखी हळू!" लंबूने टेबलावर हात आपटला. "मग तो ओरडायचा. हॅलो! हॅलो! आणि आम्ही बंदच!"

अकरा जण असे हसले की कँटीनवाला पुन्हा वर आला. मावशी सगळ्यांच्या आधी हसली होती. पण सगळ्यांच्या आधी थांबलीही तीच. वही उचलून ती जिना उतरली आणि थेट पाहुण्याच्या खोलीत गेली.

"सर," ती उभ्या उभ्या म्हणाली. "इन माय लँग्वेज, हळू इज स्लो. यू से हॅलो, आय हिअर हळू. आय गो स्लो. आय अ‍ॅम नॉट स्लो. माय इअर इज ओल्ड."

पाहुण्याने पेन खाली ठेवलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. शेडमधल्या चुकांवर तो हसत नसे, आणि तेवढ्याबद्दल तिला तो मनातून आवडायचा. त्याने हळू हा शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला, वाईट म्हटला, आणि मान हलवली.

"गुड," तो म्हणाला. "नाउ युअर इअर इज न्यू. टेस्ट इज टेस्ट."

परीक्षा परीक्षाच. बाहेर आल्यावर मावशीला राग यायला हवा होता. आला नाही. चूक कुठे होती ते कळलं होतं, आणि ती आता तिच्या हातात होती. पुढचे दहा दिवस तिने नवऱ्याला कामाला लावलं. ती स्वयंपाक करताना, भांडी घासताना तो कुठूनही, कसल्याही आवाजात हॅलो म्हणायचा, आणि तिने हात न थांबवता उत्तर द्यायचं, "क्रेन वन, हिअर." एकदा त्याने कपाटाच्या आतून म्हटलं.

"तुम्ही कपाटात काय करताय?"

"खरखर कशी होईल, ते बघतोय. कपड्यांतून बरी होते."

*

परीक्षा घ्यायला बाहेरून एक माणूस आला. गळ्यात चष्मा, समोर कागद, हातात माइक. तो खाली भट्टीमागे टेबल मांडून बसला, शेजारी पाहुणा. तीन टनांचा काँक्रीटचा ठोकळा आकड्याला लावायचा, आणि कानात येईल त्या हुकमाप्रमाणे शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पिंपांच्या रांगेमधून न्यायचा. मुद्दाम खरखर सोडली होती, आणि सगळं टेपवर उतरत होतं. नियम एक होता. न कळल्यास 'से अगेन' म्हणता येईल, पण दोनदाच. तिसऱ्यांदा विचारलं की नापास.

लंबूची परीक्षा आधी झाली. तो पास होऊन घाम पुसत आला.

"मावशी, विचारत बसू नकोस," तो कुजबुजला. "अर्धं कळलं तरी पुरे. उरलेलं अंदाजाने हाणायचं. मी तीन ठिकाणी हाणलं."

"आणि चुकला असतास तर?"

"पिंपच पडलं असतं ना."

"पिंपामागे ठोकळ्याचा दोर धरून माणूस उभा आहे," मावशी म्हणाली आणि शिडी चढायला लागली.

सुरुवात चांगली झाली. ठोकळा उचलला, पहिल्या पिंपांमधून काढला. मग कानात तो शब्द आला, अर्धा गिळलेला, खरखरीतून. तिच्या पंजाला सैल व्हायचं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत बावीस वर्षांची सवय ओढ घेत होती. तिने दांडा होता तिथेच धरून ठेवला, वेग तोच ठेवला.

"क्रेन वन, हिअर."

"गुड. कॅरी ऑन."

दुसऱ्या वळणावर खरखर इतकी वाढली की आकडा ऐकूच आला नाही. दोन मीटर की तीन? तिने विचारलं. "से अगेन." एक गेला. भट्टीजवळ वरच्या पंख्याचा आवाज मधे आला. पुन्हा विचारलं. दोन गेले. खाली परीक्षक कागदावर रेघ ओढत असणार, हे न बघता तिला कळलं.

शेवटचा टप्पा आला. ठोकळा भट्टीच्या पलीकडे, मावशीला न दिसणाऱ्या बाजूला लटकत होता. उजवीकडे खांब होता. खांबाआड दोर धरलेला माणूस.

"राइट," कानात आवाज आला. "लोअर."

मावशीचा हात दांड्यावर थांबला.

राइट म्हणजे उजवीकडे. उजवीकडे घेऊन खाली सोड. पण राइट म्हणजे ठीक आहे, असंही. ठीक आहे, आता खाली सोड. कुठलं? तिने शब्द बाजूला ठेवून बाकीचं ऐकायचा प्रयत्न केला. आवाज सपाट होता. चढ नाही, उतार नाही. या माणसाच्या आवाजात शब्दाशिवाय काहीच नव्हतं. अंदाज करायचा तर अर्धा चुकणार, अर्धा बरोबर येणार. विचारायचं तर सगळंच संपणार.

तिने एक श्वास घेतला आणि बटण दाबलं.

"होल्डिंग," ती म्हणाली. "से अगेन. राइट साइड, ऑर राइट ओके?"

कानात माइक खटखटला.

"ओके," शेवटी आवाज आला. "आय मेंट ओके. लोअर."

तिने ठोकळा सरळ खाली सोडला. धूळ उडाली नाही. मग कानात आवाज आला, तितकाच सपाट. "थर्ड टाइम. सॉरी. फेल."

बेचाळीस पायऱ्या ती उतरली. उतरताना गुडघे दुखले, पण डोकं स्वच्छ होतं. खाली लंबू उभा होता, त्याचं तोंड तिच्यापेक्षा पडलं होतं. वर्गाची बाईही आली होती. ती काही बोलायला पुढे झाली, पण मावशी थांबलीच नाही. ती टेबलापाशी गेली.

"सर. द लिस्ट."

परीक्षकाने तिच्याकडे बघितलं. मग तीस हुकुमांचा कागद पुढे केला. केबिनमध्ये चिकटवलेला होता तोच. इतरांनी तो एकदा नजरेखालून घातला असेल. मावशीला एवढ्या जलद वाचता येत नव्हतं, म्हणून सहा आठवडे रोज, प्रत्येक सुट्टीत, अक्षर अक्षर लावत तिने तो वाचला होता. कुठला हुकूम कितवा, कुठल्या शब्दामागे कुठला शब्द, तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"नंबर नाइनटीन," ती म्हणाली. "रीड, प्लीज."

"गो राइट," परीक्षकाने वाचलं.

"गो राइट. यू सेड राइट. राइट ओन्ली. इन लिस्ट, नो राइट ओन्ली. यू सेड..." ती शब्द शोधत थांबली. "नो गो."

पाहुण्याच्या मिशीचं एक टोक हललं. आपण काय बोलून बसलो ते मावशीला जिभेवरून निसटल्या क्षणी कळलं. नो गो, म्हणजे हे चालायचं नाही. चादरीआडच्या कुठल्यातरी वकिलाने कुठल्यातरी सिनेमात दारात उभं राहून हेच म्हटलं होतं. मागे बाईने हसू दाबलं, ते मावशीच्या कानांनी टिपलं. ती स्वतः हसली नाही. आत्ता हसायची वेळ नव्हती.

"मिसअंडरस्टँडिंग माय मिस्टेक, आय फेल," ती सावकाश, एकेक शब्द टेकवत म्हणाली. "दॅट इज फेअर. बट वर्ड नॉट इन लिस्ट, नॉट माय मिस्टेक. मॅन इज बिहाइंड पिलर. आय विल आस्क. टेन टाइम्स, आय विल आस्क."

परीक्षकाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "एव्हरीबडी सेज राइट," तो म्हणाला.

"प्ले द टेप," पाहुणा म्हणाला.

टेप लावली. खरखर, मग तो सपाट आवाज. राइट. लोअर. मागेपुढे काही नाही. पाहुण्याने ती पुन्हा लावायला लावली. मग उठून तो खांबापर्यंत गेला. खांबाआडून दोर धरलेला माणूस बाहेर आला होता, त्याच्याकडे त्याने एकदा बघितलं, वर केबिनकडे बघितलं, आणि परत आला.

"राइट," तो म्हणाला. मग थांबला. घसा खाकरला. "ओके. द थर्ड वन डझंट काउंट."

परीक्षकाने खांदे उडवले. त्याला पुढच्या कारखान्यात जायचं होतं. त्याने शेवटची रेघ खोडली, खाली काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद मावशीकडे फिरवला. पेनही पुढे केलं.

"पास. साइन हिअर."

मागून लंबूने आरोळी ठोकली. बाईने घोड्याचा आवाज काढला. भोंग्याला पाच मिनिटं होती, दुसऱ्या पाळीची माणसं फाटकातून आत यायला लागली होती, आणि कुणीतरी मावशीच्या पाठीवर थाप मारली.

मावशीने पेन घेतलं नाही. तिने कागद जवळ ओढला. त्यावर पंधरा-सोळा ओळी होत्या, बारीक छापलेल्या.

"जस्ट साइन," परीक्षक म्हणाला. "इट्स ऑल फाइन."

"वेट," मावशी म्हणाली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला अडली, मागे गेली, पुन्हा लावला. भोंगा झाला. माणसं घोळका करून उभी राहिली. परीक्षक घड्याळाकडे बघत होता. पाहुण्याने त्याच्यापुढे एक हात आडवा धरला.

मावशीचं बोट दुसऱ्या ओळीवर सरकलं.